३८ लाखांचं घर ३८ लाखांत येत नाही

घराचा हिशोब : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई नमस्कार, आम्ही भांडुपला वन बीएचकेमध्ये २२ हजार भाड्याने राहतो. माझं ऑफिस फोर्टला, मिस्टरांचं ठाण्याला, दोघांचे मिळून ७८ हजार हातात येतात. बदलापूर वेस्टला नवीन प्रोजेक्टमध्ये फ्लॅट बघितलाय, ३८ लाख प्लस टॅक्सेस, पझेशन दोन वर्षांनी. मिस्टर म्हणतात ईएमआय भाड्याएवढाच बसतो मग दुसऱ्याचं घर का भरायचं. आमचे साठवलेले ६ लाख आहेत, एजंट म्हणतो २ लाख ६७ हजार सरकारी सबसिडी मिळेल, आणि उरलेल्यासाठी सासरे खेडची कलमांची बाग विकायला तयार झालेत. मला काही सुचत नाहीये. घ्यावं का?
— एक वाचक, भांडुप

उत्तर : बाग विकू नका. हे सगळ्यात आधी सांगते, कारण बाकी आकडे पुढेमागे करता येतात पण विकलेली जमीन परत मिळत नाही, आणि सासरे तयार झाले म्हणजे ते मनापासून तयार आहेत असं धरू नका, मुलाचं घर होतंय म्हटल्यावर कुठला बाप नाही म्हणेल.

आता ती सबसिडी. २ लाख ६७ हजार हा आकडा जुन्या पंतप्रधान आवास योजनेतला आहे, ती व्याजाची सबसिडी मार्च २०२२ मध्येच बंद झाली. सप्टेंबर २०२४ पासून दुसरी योजना आली, त्यात जास्तीत जास्त १ लाख ८० हजार मिळतात तेसुद्धा पाच वर्षांत हप्त्याहप्त्याने, आणि त्यासाठी घर ३५ लाखांच्या आत, कर्ज २५ लाखांच्या आत, घरचं उत्पन्न वर्षाला ९ लाखांच्या आत हवं. तुमच्या नुसत्या हातात येणाऱ्या पगाराचेच ९ लाख ३६ हजार होतात. तिन्ही अटींत तुम्ही बसत नाही, तेव्हा हा आकडा हिशोबातून आजच काढून टाका, आणि ज्याने तो तुम्हाला सांगितला त्याचं बाकीचं बोलणंही तपासून घ्या.

मग खिशातून किती जाणार? कर्ज ३० लाखांच्या वर गेलं की रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे बँक किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच देते, म्हणजे तुम्हाला ३० लाख ४० हजार. उरलेले ७ लाख ६० हजार तुमचे. स्टॅम्प ड्युटी आपल्याकडे ठिकाणाप्रमाणे सहा-सात टक्के, ती झाली अडीच लाखांच्या आसपास, रजिस्ट्रेशन ३० हजार, जीएसटी १ टक्का म्हणजे ३८ हजार (घर ४५ लाखांच्या आत आणि कार्पेट ६० चौरस मीटरपर्यंत असेल तर १, नाहीतर ५ टक्के). त्यावर दोन वर्षांचा मेंटेनन्स आगाऊ, वकील, मीटर, कसले कसले चार्जेस. सगळं धरून साडेअकरा लाख तरी लागतात आणि त्यात अजून पंखे आणि किचनच्या ट्रॉल्या आलेल्या नाहीत. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर स्टॅम्प ड्युटीत १ टक्का सूट मिळते पण नवऱ्याचं नाव जोडलं की ती जाते, एवढं लक्षात असू द्या.

आता मिस्टरांचा मुद्दा. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचा ईएमआय साधारण २६,४०० येतो, वर मेंटेनन्स अडीच-तीन हजार. भाड्यापेक्षा सात हजार जास्तच झाले, बरं ते पण घर ताब्यात आल्यावर. त्याआधी दोन वर्षं भाडं सुटत नाही आणि बँकेने जेवढे पैसे बिल्डरला सोडले तेवढ्यावर व्याज सुरू होतं, समजा अर्धं कर्ज सुटलं तर महिन्याला पावणेअकरा हजार, म्हणजे तेव्हा भाडं आणि व्याज मिळून जवळजवळ ३३ हजार भरायचे आणि राहायला काहीच नाही. पझेशन लांबलं तर हेच पुढे चालू राहतं. रेरा म्हणजे घर घेणाऱ्यांच्या संरक्षणाच्या कायद्याच्या कलम १८ प्रमाणे उशीर झाल्यावर व्याज मागता येतं किंवा बाहेर पडून पैसे परत मागता येतात, हक्क खरा आहे, पण तो मिळवेपर्यंत ईएमआय थांबत नाही.

आणि ट्रेनचं काय, याचा विचार केलाय का? बदलापूर ते सीएसएमटी ६८ किलोमीटर, दीड तासाच्या आसपास. कर्जतहून येणारी गाडी बदलापूरला येईपर्यंत भरलेली असते, तुम्हाला बदलापूरहूनच सुटणारी लोकल पकडायला लागेल नाहीतर उभं राहून फोर्ट. संध्याकाळी तर अर्ध्या बायका उलट्या दिशेने येऊन, डाऊन करून म्हणजे गाडी परत फिरायच्या आधीच तिच्यात बसून सीट पकडतात हे तुम्हाला मी सांगायला नको. मिस्टर ठाण्याला उतरतील, त्यांची दगदग तुमच्यापेक्षा कितीतरी कमी, त्यामुळे घरात या निर्णयावर तुमचं मत त्यांच्यापेक्षा जड असलं पाहिजे असं मला स्पष्ट वाटतं. टोकन देण्याआधी एक आठवडा खरंच त्या वेळेला तिथून जाऊन बघा, नातेवाइकांकडे राहा, काही करा.

बदलापूर वेस्टला अजून एक गोष्ट विचाराच. उल्हास नदी. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली होती, हजारभर लोकांना बाहेर काढावं लागलं. प्रोजेक्टच्या शेजारच्या जुन्या बिल्डिंगमध्ये जा, तळमजल्यावरच्या माणसाला विचारा तेव्हा पाणी कुठवर आलं होतं, तो भिंतीवर हात ठेवून दाखवेल. आणि उन्हाळ्यात नळाला किती वेळ पाणी येतं, टँकरचे पैसे कोण भरतं, हे पण त्यालाच विचारा, सेल्सच्या ऑफिसात विचारू नका.

मी तुमच्या जागी असते तर ३० लाखांच्या आसपासचा रिसेल फ्लॅट शोधला असता, ओसी (इमारत राहण्यायोग्य असल्याचा पालिकेचा दाखला) असलेला, सोसायटी रजिस्टर झालेली, शक्यतो कन्व्हेयन्स झालेलं म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर आलेली. ओसी मिळालेल्या घराला जीएसटी नाही. कर्ज ३० लाखांपर्यंत असलं की ९० टक्क्यांपर्यंत देता येतं, म्हणजे २७ लाख, ईएमआय साडेतेवीस हजारांच्या आत. तुमचे ३ लाख, स्टॅम्प ड्युटी २ लाखांच्या आसपास, रजिस्ट्रेशन ३० हजार, सोसायटीची ट्रान्सफर फी जास्तीत जास्त २५ हजार, आणि ब्रोकर. तुमच्या ६ लाखांत जेमतेम बसतं, थोडंसं वर लागेल. बँक जुन्या बिल्डिंगचं व्हॅल्युएशन कमी लावते तेव्हा आधी लोन सँक्शन करून घ्या मग फ्लॅट पक्का करा. घर जुनं असेल, लिफ्ट पण नसेल कदाचित, पण चावी हातात आली त्या महिन्यापासून भाडं बंद. आणि नाहीच मिळालं मनासारखं तर अजून दोन वर्षं भांडुपला राहा, त्यात कमीपणा काही नाही.

प्रश्न : २०२१ मध्ये विरारला घर घेतलं, २५ लाख कर्ज, ७ टक्के, २० वर्षं. ईएमआय एकदाही चुकवला नाही. परवा स्टेटमेंट काढलं तर घेतलं तेव्हापेक्षा जास्त वर्षं शिल्लक दाखवतंय. बँकेची चूक आहे का?
— विरारचे वाचक

उत्तर : चूक बहुतेक नाही, पण तुम्हाला कोणी नीट सांगितलं नाही हे मात्र वाईट झालं दादा. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मध्ये रेपो रेट, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो, ४ टक्क्यांवरून साडेसहावर गेला, तुमचा दर रेपोला जोडलेला असणार म्हणून तो साडेनऊच्या घरात गेला, आणि बँकेने ईएमआय तोच ठेवून वर्षं वाढवली. तुमचा ईएमआय १९,४०० च्या आसपास असणार, आणि २४ लाख बाकीवर साडेनऊ टक्क्यांनी महिन्याचं व्याजच १९ हजार होतं. म्हणजे मुद्दलात जेमतेम चारशे रुपये जात होते.

ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितलं की दर बदलला की ईएमआय वाढवायचा, मुदत वाढवायची, की दोन्ही थोडं थोडं, हा चॉइस बँकेने ग्राहकाला द्यायचा. तुम्ही ब्रँचला लेखी अर्ज करा, मुदत मूळ वीस वर्षांवर आणायला ईएमआय किती होईल ते मागा. २०२५ मध्ये रेपो सव्वा टक्का खाली आलाय, तो तुमच्या खात्यात उतरलाय का तेही बघा. नवीन ग्राहकाला कमी दर देत असतील तर थोडी कन्व्हर्जन फी भरून तुम्हालाही मागता येतो. बोनस आला की मुद्दलात भरा, फ्लोटिंग म्हणजे बदलत्या दराच्या होमलोनवर त्याला दंड नाही.

प्रश्न : डोंबिवलीत प्री-लाँचमध्ये २० टक्के आधी भरा, अ‍ॅग्रीमेंट नंतर करू असं सांगतायत. महारेरा नंबर, म्हणजे प्रोजेक्टची रेराखालची नोंदणी, दाखवला. भरू का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : नाही. रजिस्टर अ‍ॅग्रीमेंट झाल्याशिवाय १० टक्क्यांपेक्षा जास्त घेताच येत नाही, रेरा कायद्याचं कलम १३ आहे. आणि नुसत्या नंबरवर जाऊ नका, तुमच्याच डोंबिवलीत ६५ बिल्डिंगींना महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून महारेरा नंबर मिळवले होते, नोव्हेंबर २०२४ मध्ये हायकोर्टाने त्या पाडायला सांगितल्या, लोकांचे हप्ते चालू असताना. बांधकाम परवानगीचा क्रमांक लिहून घ्या आणि केडीएमसीच्या म्हणजे कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या नगररचना विभागात जाऊन तो खरा आहे का ते विचारा, सर्च रिपोर्ट म्हणजे जमिनीच्या मालकीची तपासणी स्वतःच्या वकिलाकडून काढा, बिल्डरने सुचवलेल्या नको. हे करायला पंधरा दिवस मागा, आणि ते देत नसतील तर तिथेच थांबा.