गेटवर रडते ते ठीक, अकरा वाजता काय करते?

पत्र सिंहगड रोडवरून आलंय, चांगलं चार पानी आहे, त्यामुळे मुद्द्याचं तेवढं देते. मुलगी १६ महिन्यांची. आई खासगी बँकेत, बाबा चाकणला शिफ्टमध्ये. इतके दिवस सासूबाईंनी सांभाळलं पण सासऱ्यांचं बायपास झालं आणि त्यांना कराडला परत जावं लागलं. ३ आठवड्यांपासून मुलगी सोसायटीतल्याच एका काकूंच्या पाळणाघरात जाते, तळमजल्यावरचा फ्लॅट, एकूण ९ मुलं. पुढचं तिच्याच शब्दांत: "मावशी, रोज गेटवर माझी ओढणी धरून रडते, आणि संध्याकाळी घ्यायला गेले की मला बघून परत रडायला लागते. सासूबाई व्हिडिओ कॉलवर म्हणतात, पोरीला परक्याच्या दारात ठेवलीस. जाऊबाईंचा मुलगा अडीच वर्षांचा, तो एसी प्रीस्कूलला जातो, ए टू झेड म्हणतो, रंग ओळखतो. आमच्या काकूंना विचारलं तुम्ही काय शिकवता, तर म्हणाल्या अगं खेळतात, खातात, झोपतात, चारला जरा टीव्ही लावते, मग तू येतेसच. मी नोकरी सोडू का? की निदान जाऊबाईंच्या शाळेत घालू?"

अगं, आधी घोटभर पाणी पी. मग वाच.

रडण्याचं आधी बघू कारण तुझी झोप त्यानेच उडालीये. साधारण ८ महिन्यांनंतर बाळाला कळायला लागतं की आई म्हणजे वेगळं माणूस आहे आणि ती उठून जाऊ शकते, पण साडेसहा वाजता येते म्हणजे नक्की कधी ते कळायला घड्याळ कळावं लागतं ना, ते कुठे कळतंय अजून, मग १०-१८ महिन्यांच्या मधे हा प्रकार एकदम जोरात असतो आणि तुझी लेक बरोब्बर त्याच्यात सापडलीये. त्यात आजी गेल्या. म्हणजे एकाच महिन्यात तिची दोन माणसं दाराबाहेर गेली, त्यातलं एक संध्याकाळी परत येतं आणि एक येतच नाही. मी तिच्या जागी असते तर मीपण ओढणी सोडली नसती.

आणि मधे तिला ताप आला म्हणून ४ दिवस घरी होती असं लिहिलंयस, मग ३ आठवडे कुठले झाले, सोमवारी परत पहिल्यापासून सुरू झालं की.

संध्याकाळचं रडणं तर मला चांगलंच लक्षण वाटतं. दिवसभर दुसऱ्यांत शहाण्यासारखं वागून दमलेलं पोर आईला बघितलं की सगळं सोडून देतं, आपण नाही का ऑफिसात दात काढत असतो आणि घरी येऊन नवऱ्यावर भडकतो, तसंच.

तुला एकच सांगते, तू गेटवरून पाळणाघर बघतेयस. गेटवरची २ मिनिटं तुम्हा दोघींची असतात, त्यात काकू कशा आहेत ते काहीच कळत नाही. एक दिवस अर्धी रजा टाक आणि अकरा वाजता न सांगता जा. येऊ देतात का ते आधी बघ. काय गं अचानक, पण ये आत, चप्पल तिकडे काढ, असं म्हणाल्या तर निम्मं काम तिथेच झालं. दारातच थांबवून मुलं झोपलीयेत, डिस्टर्ब होतं वगैरे सुरू झालं, आणि दर वेळी तेच, तर मग खरंच दुसरीकडे बघ.

आत गेलीस की भिंतीवरची चित्रं नको बघूस, ती सगळीकडे असतात. डायपर कसा बदलतात ते बघ. हसू नकोस! एका ठिकाणी बाई पोराला उचलते, पुसते, नवीन लावते, खाली ठेवते, तोंडातून शब्द नाही, नजर टीव्हीवर. दुसरीकडे बाई म्हणते, "चला, ओलं झालं का, ओलं काढू या, पाय वर, अजून वर, शाब्बास, हा एक पाय झाला, दुसरा कुठंय?" आणि पोर दुसरा पाय वर करतं. आता मला सांग यात भाषा आली का, एक-दोन आलं का, वर-खाली आलं का? दिवसातून पाच-सहा वेळा हा तास होतो आणि फीच्या पावतीवर त्याचं नाव पण नसतं.

जेवणाचं तसंच. एक घास चिऊचा एक काऊचा करत भरवणं छान आहे पण त्याच्या जोडीला तिच्या हातात एक चमचा आहे का, वरणभात नाकाला लागला तरी चालतंय का? माझ्या भाचीच्या पाळणाघरात थंडीत मटार सोलायला मोठी मुलं बसवायचे, तीन-साडेतीनची, एक शेंग तुला एक मला, आणि त्या इवल्या बोटांनी शेंग चिमटून उघडायची. पुढे पेन्सिल धरायला हीच बोटं लागतात बाई. (तुझीला मटार नको हं अजून, शेंगदाणे, अख्खी द्राक्षं तर अजिबात नको, घशात अडकतात. तिला चपला जोडीने लावायला दे, खूश होईल.)

हे मी माझ्या मनाचं सांगत नाहीये. बालशिक्षणात आयुष्य घातलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि नंतर कोसबाडला आदिवासी मुलांसाठी बालवाडी चालवली, मुलं येईनात तेव्हा बाई त्यांच्या अंगणात गेल्या, अंगणवाडी शब्द तिथलाच, सरकारची योजना १९७५ ची म्हणजे खूप नंतरची. तर तिथे मुलांना आंघोळ घालणं, नखं कापणं, केस विंचरणं हा शिक्षणाचाच भाग होता, आणि साहित्य म्हणजे शंख-शिंपले, बिया, पानं, खडे. सांभाळणं वेगळं आणि शिकवणं वेगळं असं त्यांनी मानलंच नाही. आत्ताचं २०२० चं शैक्षणिक धोरण घे, ३ ते ८ वर्षांच्या मुलांचं शिक्षण खेळातून व्हावं असंच त्यातही म्हटलंय. तुझी तर दीडची पण नाही! जाऊबाईंचा लेक ए टू झेड म्हणतो ते कौतुकच आहे, पण ते गाणं आहे, अक्षरओळख नाही, आपण आरती म्हणायचो तेव्हा प्रत्येक शब्दाचा अर्थ कुठे कळायचा.

तेव्हा काकू म्हणाल्या खेळतात, खातात, झोपतात, ते मला पटलं. टीव्ही नाही पटला. तू ते जाता जाता लिहून मोकळी झालीस, मी मात्र तिथेच अडकले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलंय की १ वर्षाच्या मुलांना स्क्रीन नकोच, आणि २ ते ४ वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त तासभर, तोही जितका कमी तितका बरा. चारला काकूंना चहा घ्यायचा असतो, पाठ टेकायची असते, साहजिक आहे, माणूसच आहे ती. भांडायला जाऊ नकोस. "काकू, ही टीव्हीसमोर बसली की रात्री झोपत नाही हो, चारला हिला जरा डबे-झाकणं द्याल का?" असं म्हण, घरून जुने स्टीलचे डबे नेऊन दे. आणि त्याच ओघात विचार की त्या स्वयंपाकघरात असतात तेव्हा मुलांजवळ कोण असतं. ९ मुलांत दोनच्या खालची किती? मदतीला एक ताई पूर्णवेळ हवीच, धुण्याभांड्याला येणारी मोजायची नाही.

रडणाऱ्या मुलाची मला भीती वाटत नाही याला कारण आहे. माझा मुलगा लहान असताना मी त्याला एका ठिकाणी ठेवायचे, नाव नको. तो कधीच रडला नाही. सोडताना नाही, आणताना नाही, कपडे स्वच्छ, पावडर लावलेली, मी सगळ्यांना सांगत फिरायचे काय गुणी पोरगं आहे. एकदा ऑफिस लवकर सुटलं, तीनला गेले, तर सगळी मुलं अंधाऱ्या खोलीत ओळीने पडलेली, अर्धी जागीच होती आणि एकाचाही आवाज नाही. दोन ते पाच रोज तसंच. दुसऱ्या दिवसापासून बंद केलं, पण त्याआधीचे ५ महिने मला अजून टोचतात. म्हणून सांगते, मूल सुन्न झालं, नजर देईनासं झालं, रोज गच्च भरलेला डायपर आणि भुकेलेलं पोट घेऊन घरी आलं, वजन उतरलं, तर ते गंभीर.

सीसीटीव्ही हवा का असंही विचारलंयस. असला तर असू दे. पण माझी एक मैत्रीण दिवसभर मोबाइलवर नातीला बघत बसते, बीपीची गोळी वाढली तिची, आणि त्या कॅमेऱ्याला आवाजच नाहीये, म्हणजे बाई बोलते कशी तेच कळत नाही.

सासूबाईंशी वाद घालू नकोस. त्यांच्या वेळीही शेजारच्या काकू होत्याच की, चुलत सासू होती, वाड्यातल्या पोरी होत्या, फक्त महिन्याची फी नव्हती. आणि खरं सांगू, त्या परकं दार म्हणतात तेव्हा त्यांना नात हवीये एवढंच असतं. त्यांच्याकडून जुन्या लुगड्याची छोटी गोधडी मागव, चौकोनी, हातात मावेल एवढी. ती रोज हिच्याबरोबर पाळणाघरात जाऊ दे, आजीचा वास आहे त्याला.

ऑफिसच्या एचआरला पण विचार. बाळंतपणाच्या रजेच्या कायद्यात २०१७ ला दुरुस्ती झाली, तेव्हापासून ५० किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय करावीच लागते आणि आईला दिवसातून ४ वेळा तिथे जाता येतं. तुझी ब्रँच छोटी असेल पण विचारायला काय जातंय.

नोकरी सोडायची की नाही ते तुझं तू ठरव, फक्त गेटवरच्या २ मिनिटांवरून नको. आणि तुझा नवरा पत्रात चाकण सोडून कुठेच कसा नाही गं? सेकंड शिफ्टच्या आठवड्यात त्याला सोडायला पाठव, बऱ्याच पोरी बाबाच्या कडेवरून निमूट उतरतात.

सकाळी चोरून पळू नकोस, ती मागे वळून बघेल आणि तू नसशील, मग दुसऱ्या दिवशी ओढणी अजून घट्ट. एकच वाक्य ठरव, "आई कामाला, खाऊ झाला की येते", पापी घे, गोधडी दे, नीघ. जिन्यात थांबून कान लावायचे नाहीत. संध्याकाळी फोन पर्समध्ये टाक आणि काकूंच्या पायरीवरच तिला मांडीवर घेऊन ५ मिनिटं बस, रडू दे, बूट नंतर घाल.