नववीची मुलं इंग्रजीत बोलतच नाहीत, मराठी माध्यमाच्या वर्गात काय करावं?

प्रश्न थेट अख्ख्या वर्गाला विचारू नका. आधी बाकावरच्या जोडीला दोन मिनिटं आपसात बोलू द्या, मगच एकेकाला उभं करा. मी याच इयत्तांना इंग्रजी शिकवते. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी आहे, त्यामुळे नववीपर्यंत शब्द बऱ्यापैकी जमलेले असतात. अडतं ते वाक्य जुळवताना. मराठीत क्रियापद शेवटी येतं, म्हणून घाईत ‘आय स्कूल गो’ निघतं, मागच्या बाकावर हसू फुटतं आणि ते मूल पुढचे आठ दिवस तोंड उघडत नाही. म्हणून फळ्याच्या कोपऱ्यात वाक्याचा सांगाडा कायम ठेवा: ‘आय थिंक … बिकॉज …’. मुलांनी फक्त मोकळ्या जागा भरायच्या. चुकलं तर तिथेच टोकू नका. ‘ओह, यू गो टू स्कूल बाय बस?’ असं बरोबर वाक्य सहज परत म्हणा आणि पुढे चला. जोडीत मराठी कानावर येईल, येऊ द्या, आधी विचार तर जुळू देत. मात्र साठ मुलांच्या वर्गात रोज सगळ्यांची पाळी येत नाही. तासाला पाच-सहा जोड्याच घ्या आणि वहीत खूण करत जा.