संशोधन विमानावरच्या डेटाचं काम करायचंय? नांदेड सोडण्याआधी एवढं करून ये

तू विचारलंस, नांदेडला इलेक्ट्रॉनिक्स करून जर्मनीत एमएसला जायचंय, पुढे वातावरण-संशोधनाच्या विमानांवर डेटा आणि सॅटकॉमचं, म्हणजे उपग्रहावरून संपर्काचं, काम करायचंय. तर घरून काय शिकून निघू? महागडे कोर्स राहू दे. घड्याळ आणि बारीक लिंक (कमी वेगाचा डेटा-दुवा), या दोन गोष्टींवर हात बसव.

ताशी ७२० किमीने उडणारं विमान सेकंदाला २०० मीटर सरकतं. एखाद्या उपकरणाचं घड्याळ सेकंदभर चुकलं की त्याने मोजलेला ढग २०० मीटर भलतीकडे नोंदला जातो. पीपीएस, म्हणजे दर सेकंदाला एक अचूक ठोका, देणारं जीपीएस मॉड्यूल रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाला जोड, त्यावर नेटवर्कवरून वेळ पुरवणारा एनटीपी सर्व्हर चालव आणि बाकीच्या मशीनची घड्याळं त्यावरच लाव.

आता लिंक. विमानाचं स्थान, उंची, वारा, तापमान यांची स्वल्पविरामांची एक ओळ दर सेकंदाला विमानातल्या नेटवर्कवर यूडीपीने (पोच न मागता पाठवायच्या पद्धतीने) फिरते. या ओळीच्या ठरलेल्या साच्याला आयडब्ल्यूजी-१ म्हणतात. ओळ २०० बाइटची धर. इरिडियम या उपग्रह-सेवेचा जुना एक चॅनेल २,४०० बिटचा, म्हणजे सेकंदाला जेमतेम ३०० बाइट. एवढ्यातच तो भरत आला! म्हणून खाली जमिनीवर दहा सेकंदांनी एक ओळ पाठव, बाकी सगळं विमानातल्या एसएसडीवर साठव. सेन्सर मेला तर रकाना रिकामा ठेव, पण स्वल्पविराम गाळू नको. पुढचे सगळे रकाने सरकतात आणि तापमानाच्या जागी दुसराच आकडा दिसतो.

पाय, जीपीएस आणि ओळी पाठवणारा प्रोग्राम हा सगळा जोड मोबाइल डेटावर नांदेड-परभणी एसटीत चालवून बघ. रेंज गेली की ओळी तुंबतात. रेंज आल्यावर प्रोग्राम जुन्या ओळी आधी पाठवत बसला, तर नकाशावर गाडी मागेच राहते. ताजी ओळ आधी, तुंबलेल्या मागाहून.

इनमारसॅट या दुसऱ्या उपग्रह-सेवेचा वेग जास्त, पण उपग्रह भूस्थिर, म्हणजे विषुववृत्तावर एकाच जागी दिसणारे. वळताना पंख किंवा शेपूट आड येतं, ध्रुवाकडे उपग्रह क्षितिजाला टेकतो. इरिडियमचे ६६ उपग्रह तिथेही भेटतात. दोन्ही लागतात. आणि उड्डाणाआधी जमिनीवरच्या विजेवरून विमानाच्या जनरेटरवर जाताना क्षणभर खंड पडतो. यूपीएस नसेल तर फाइल अर्धवट राहते.

कागदांचं थोडक्यात: एपीएस प्रमाणपत्राला (भारतीय पदवीच्या पडताळणीचं जर्मन प्रमाणपत्र) लवकर अर्ज कर, ब्लॉक्ड अकाउंटला (व्हिसासाठी राहण्याच्या खर्चाचे पैसे आधी भरून ठेवायचं खातं) सप्टेंबर २०२४ पासून वर्षाचे ११,९०४ युरो लागतात. म्युनिकजवळ ओबरफाफनहोफेनला हालो हे वातावरण-संशोधनाचं गल्फस्ट्रीम जी-५५० विमान असतं, विद्यापीठ निवडताना ते लक्षात ठेव. अमेरिकेत अशा बऱ्याच जागा निर्यात-नियंत्रणामुळे नागरिक आणि ग्रीनकार्डवाल्यांपुरत्याच असतात. सुट्टीला गावी येताना सॅटेलाइट फोन मात्र बॅगेत टाकू नको. दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय तो भारतात बाळगला तर विमानतळावरच अटक होऊ शकते.