राजीनामा द्या, मग चांगलं पत्र देतो!

प्रश्न : चाकणच्या एका ऑटो पार्ट्स कारखान्यात मी 7 वर्षं 8 महिने कायम सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या मशीनचा) ऑपरेटर आहे. ऑर्डरी घटल्या म्हणून माणसं कमी करताहेत. एचआरवाले म्हणतात, 'राजीनामा लिहून दे, अनुभवपत्र चांगलं देतो. नाहीतर पत्रावर कामावरून कमी केलं असं येईल.' काय करू? (एक वाचक, राजगुरुनगर)

उत्तर : राजीनामा लिहू नका. 'कामावरून कमी केलं' हे शब्द तुम्हाला डागासारखे वाटतात, पण तुमचे पैसे त्याच शब्दांना चिकटलेले आहेत. स्वतःहून नोकरी सोडली की ती कपात ठरत नाही आणि कपातीची भरपाईही मागता येत नाही.

हिशोब मांडून बघा. 21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे. सलग वर्षभर काम केलेल्या कामगाराला कमी करताना कारणासह एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तेवढा पगार द्यावा लागतो. शिवाय प्रत्येक पूर्ण वर्षामागे 15 दिवसांचा सरासरी पगार. सहा महिन्यांच्या वरचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात, म्हणून तुमची वर्षं 8. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 26,000 धरले तर भरपाई साधारण 1,04,000 आणि नोटिशीचे 26,000. ते 'चांगलं पत्र' तुम्हाला 1,30,000 रुपयांना पडतंय!

ग्रॅच्युइटी वेगळी. 26,000 भागिले 26 (महिन्याचे कामाचे दिवस), गुणिले 15, गुणिले 8, म्हणजे 1,20,000. पाच वर्षं झालेली असल्यामुळे ती राजीनाम्यानेही बुडत नाही. पण 'राजीनामा दिलात तर ग्रॅच्युइटी लगेच देतो' असं आमिष बरेचदा दाखवतात. ती तीस दिवसांत द्यायचीच असते, त्यात उपकार कसला? शेवटच्या दिवसापर्यंतचा पगार तर दोन कामाच्या दिवसांत हातात पडायला हवा.

आणखी दोन गोष्टी तपासा. एकाच प्रकारच्या कामात जो शेवटी लागला त्याला आधी काढायचं, हा नियम आहे. तुमच्यानंतर लागलेले ऑपरेटर मशीनवर उभे असतील तर कारण लेखी मागा. कारखान्यात 300 किंवा त्याहून जास्त कामगार असतील, तर सरकारची आगाऊ परवानगी लागते आणि नोटीसही एक नव्हे, तीन महिन्यांची.

सही करून बसला असाल, तर मंजुरीचं पत्र हातात पडायच्या आत 'राजीनामा मागे घेत आहे' असा ईमेल करा आणि तोच मजकूर स्पीड पोस्टानेही पाठवा. तोंडी सांगून काही उपयोग नाही. कंपनी ऐकत नसेल, तर पुढची पायरी कामगार आयुक्त कार्यालयाची.

आता पत्राबद्दल. कारखान्याला स्थायी आदेश (नोकरीच्या अटींची मंजूर नियमावली) लागू असतील, तर कायम कामगाराला सेवा प्रमाणपत्र मागण्याचा हक्क आहे. स्तुती लिहा असं मात्र कुणाला कायद्याने सांगता येत नाही, आणि नव्या कारखान्यात ती कुणी वाचतही नाही. तिथला प्रॉडक्शन मॅनेजर बघतो ते हे : कोणत्या कंट्रोलवर (मशीन चालवणाऱ्या संगणकावर) काम केलं, सेटिंग स्वतः करतो की नुसतं लोडिंग-अनलोडिंग, ऑफसेट (हत्याराच्या मापातली दुरुस्ती) बदलता येतो का. म्हणून मसुदा तुम्हीच करून न्या : 'यांनी अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत टर्निंग सेंटरवर ऑपरेटर-सेटर म्हणून काम केले. उत्पादन घटल्यामुळे त्यांना सेवेतून कमी केले आहे. वर्तणुकीबाबत तक्रार नाही.' शेवटचं वाक्य सोडू नका. कमी केलं ते कामाअभावी, चुकीमुळे नव्हे, एवढं त्यातून समजतं.

प्रश्न : पुण्यातली आमची छोटी कंपनी बंद झाली. रिलीव्हिंग लेटर (नोकरीतून मोकळं केल्याचं पत्र) मिळालं नाही, एचआर फोन उचलत नाही. नव्या कंपनीचं बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन अडलंय. (एक वाचक, कोथरूड)

उत्तर : पीएफच्या मेंबर पोर्टलवर सर्व्हिस हिस्ट्री उघडा. तिथे कंपनीचं नाव, लागल्याची आणि सोडल्याची तारीख असते. तपासणाऱ्या एजन्सीला हा पुरावा सहसा चालतो. त्यासोबत नेमणूकपत्र, शेवटच्या तीन पगाराच्या स्लिपा, पगार जमा झाल्याचं बँक स्टेटमेंट आणि फॉर्म 16 जोडा.

घोळ होतो तो सोडल्याच्या तारखेचा. कंपनीने ती भरलेलीच नसते. शेवटचा हप्ता जमा झालेल्या महिन्यानंतर दोन महिने उलटले, की ती तुम्हाला स्वतः भरता येते : मॅनेज, मग मार्क एक्झिट, आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी. तारीख शेवटचा हप्ता ज्या महिन्याचा आहे त्याच महिन्यातली टाका. एकदा भरली की बदलायला नाकीनऊ येतात, म्हणून शेवटच्या स्लिपशी ताडून बघा.

नव्या एचआरला आजच सांगून टाका की कंपनी बंद झाली आहे. त्यांना ते एजन्सीकडून कळलं, तर तुम्ही लपवलंत असं वाटेल.

प्रश्न : रेफरन्ससाठी जुन्या साहेबांचं नाव द्यायचंय. त्यांना सांगायला हवं का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : हो, आधी विचारा. मेसेज असा चालेल : 'सर, अमुक पदासाठी तुमचं नाव देऊ का? या आठवड्यात फोन येईल. माझ्या तारखा आणि हुद्दा सोबत पाठवतोय.' तारखा पाठवायच्याच, कारण साहेबांना तुमचं काम आठवतं, तारखा आठवत नाहीत. आणि फोनवर पहिला प्रश्न तारखेचाच असतो. उत्तर द्यायला त्यांनी आढेवेढे घेतले, तर दुसरं नाव शोधा.