संगणक-शंका: फाइलीत एक, कमांडमध्ये दुसरं, चालणार कुणाचं?

प्रश्न: आमच्या ऑफिसचे लिनक्स सर्व्हर मी सांभाळते. प्रत्येकात एसएसएचने (दुसऱ्या मशीनवर सुरक्षितपणे लॉगिन करायची सोय) शिरायला वेगळी की (ओळख पटवणारी गुप्त फाइल), वेगळा पोर्ट (सर्व्हरच्या दाराचा क्रमांक). दोघांपर्यंत तर मधल्या एका सर्व्हरमधूनच जावं लागतं. ती लांबलचक कमांड मी रोज हिस्टरीतून हुडकते. सहकारी म्हणतो, सगळं कॉन्फिग फाइलीत टाका. पण फाइलीत एक आणि कमांडमध्ये दुसरंच लिहिलं तर?
– एक वाचिका, इचलकरंजी

उत्तर: एसएसएचपुरतं सांगायचं तर कमांडचं चालतं. त्यानंतर तुमच्या होम फोल्डरमधली फाइल, आणि सगळ्यात शेवटी अख्ख्या मशीनसाठीची, ईटीसी या सिस्टमच्या फोल्डरमधली. म्हणजे एखाद्या दिवशी पोर्ट बदलून हवा असेल, तर तेवढ्यापुरता कमांडमध्ये लिहा. फाइल आहे तशी राहू द्या.

तेव्हा सहकाऱ्याचं ऐका. होममध्ये 'डॉट एसएसएच' हे लपलेलं फोल्डर असतं, त्यात 'कॉन्फिग' नावाची साधी टेक्स्ट फाइल करा, एक्स्टेन्शन नको. (नावं इंग्रजी अक्षरांतच लिहायची, हे सांगायला नकोच.) दर सर्व्हरमागे 'होस्ट' आणि पुढे तुमचं सोयीचं टोपणनाव, समजा 'हिशेब'. त्याखाली होस्टनेम (सर्व्हरचा खरा पत्ता), यूजर, पोर्ट, आयडेंटिटीफाइल (की कुठे आहे ते). मधल्या सर्व्हरसाठी प्रॉक्सीजंप. ते ओपनएसएसएच 7.3 मध्ये, 2016 साली आलं, त्यामुळे त्याआधीच्या लेखांतले प्रॉक्सीकमांडचे, म्हणजे याच कामाच्या जुन्या पद्धतीचे, मंत्र उतरवत बसू नका. आता नुसतं 'एसएसएच हिशेब' म्हटलं की आत.

टंकण्याचा त्रास वाचतो, पण मला विचाराल तर खरा फायदा वेगळाच आहे. फाइली पाठवणारे एससीपी आणि आरसिंक, कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं गिट हे सगळे एसएसएचमार्फत जाऊ शकतात, म्हणून तेच टोपणनाव त्यांनाही चालतं. नाहीतर एसएसएचला पोर्ट सांगायचा लहान पीने आणि एससीपीला मोठ्या पीने, कारण तिथे लहान पी फाइलींच्या तारखा नि परवानग्या जपण्यासाठी आधीच अडवलेला. नव्या माणसाला हे किती छळतं!

आता फसगतीची जागा. बहुतेकांना वाटतं, खाली लिहिलेलं वरच्याला पुसून टाकतं. एसएसएच उलट वागतं: एखाद्या गोष्टीची जी किंमत पहिली सापडेल ती धरतं, पुढच्या सोडून देतं. म्हणून सगळ्यांना लागू होणारा 'होस्ट *' हा भाग फाइलीच्या तळाशी हवा. तो वर ठेवून त्यात यूजर लिहिलात, तर खाली काहीही लिहा, प्रत्येक सर्व्हरवर तोच यूजर जाणार. आयडेंटिटीफाइल याला अपवाद. सापडतील तेवढ्या किज गोळा होतात. एजंटमध्येही (किज हाताशी ठेवणारा प्रोग्राम) बऱ्याच असतील तर एकेक पुढे करताना सर्व्हर कंटाळतो (त्याची मूळ मर्यादा 6 प्रयत्नांची) आणि दार लावतो. त्यावर 'आयडेंटिटीजओन्ली यस' लिहा, म्हणजे फाइलीत सांगितलेल्याच किज पुढे केल्या जातात.

फाइलीची परवानगी 600 ठेवा, म्हणजे फक्त तुम्हालाच ती वाचता-लिहिता येईल. दुसऱ्या कुणाला त्यात लिहिता येत असेल तर एसएसएच ती वाचायलाच नकार देतं. आणि शंका आली की 'एसएसएच -जी हिशेब', जी मोठा. कनेक्शन न करता शेवटी कुठल्या किमती ठरल्या ते ओळीने दिसतं.

हाच क्रम सगळीकडे असेल असं मात्र धरू नका. डॉकरची (प्रोग्राम वेगवेगळ्या कंटेनरमध्ये चालवणारं साधन) सेवा एकच गोष्ट कमांडमध्ये आणि डेमन डॉट जेसन या तिच्या कॉन्फिग फाइलीत दिसली, तर कुणाचीच बाजू न घेता चक्क सुरूच होत नाही. उबंटूवर सेवेच्या कमांडमध्ये होस्टचा पर्याय आधीच दिलेला असतो. तुम्ही जेसनमध्ये 'होस्ट्स' लिहिलंत की वाजलं. तिथे सिस्टमडीची (लिनक्समध्ये सेवा सुरू करणारा प्रोग्राम) ओव्हरराइड फाइल करून कमांडमधला पर्याय काढावा लागतो.

सहकाऱ्याला तुमची कॉन्फिग फाइल द्यायला हरकत नाही, तिच्यात कीचा फक्त पत्ता असतो. पण ऑफिसच्या सर्व्हरचे पत्ते आणि यूजरनेम असतात, त्यामुळे उघड्या गिट रेपोत ती टाकू नका.