स्लीपरच्या भोकातली गुट्टी

प्रश्न : आमच्या परड्यात रेल्वेच्या जुन्या लाकडी स्लीपरचा बाक आहे. आजोबांनी तो भंगारातून आणला होता. त्याला भोकं आहेत आणि काही भोकांत लाकडाच्या गुट्ट्या ठोकल्या आहेत. त्या कशासाठी? आणि वर रूळ असताना खालचा स्लीपर काढत कसे होते?
– एक वाचक, रुकडी

उत्तर : आधी बाकाला टेप लावा. कापलेला नसेल आणि सहा फुटांच्या आसपास भरला, तर तो मीटरगेजचा, म्हणजे एक मीटर अंतराच्या रुळांचा. नऊ फूट भरला तर ब्रॉडगेजचा, म्हणजे रुंद रुळांचा. १८९१ साली कोल्हापूरला आलेली रेल्वे मीटरगेज होती, १९७१ च्या सुमारास ती ब्रॉडगेज झाली. मी रेल्वेच्या गँगमध्ये, म्हणजे रुळांची देखभाल करणाऱ्या टोळीत, लागलो त्यानंतर, त्यामुळं माझ्या खांद्यावर आले ते नऊ फुटीच.

भोकं रूळ धरणाऱ्या खिळ्यांची, म्हणजे डॉग स्पाइकची. गाड्यांच्या हादऱ्यानं भोक सैल होतं, त्यात पाणी मुरतं आणि लाकूड तिथूनच कुजायला लागतं. पण तेवढ्यावर स्लीपर टाकून देत नव्हतो. खिळा उपटायचा, भोकात गुट्टी ठोकून ते बुजवायचं आणि खिळा नव्यानं मारायचा. असा स्लीपर आणखी काही वर्षं चालायचा.

आमचे मुकादम खिळा उपटताना कान देऊन उभे राहायचे. चांगल्या लाकडातून खिळा करकरत निघतो. मुकाट्यानं वर आला, की त्या स्लीपरवर खडूनं फुली, म्हणजे तो बदलायचा.

बदलताना आधी दोन्ही बाजूंना झेंडीवाले उभे करायचे. मग स्लीपरशेजारची खडी त्याच्या तळाच्या खालपर्यंत उपसायची, टोकाकडचीही मोकळी करायची. खिळे काढले की स्लीपर त्या चरात सरकवायचा आणि रुळाखालून आडवा बाहेर ओढायचा. नवा त्याच वाटेनं आत. लागून असलेले दोन स्लीपर एकदम कधीच काढायचे नाहीत.

खरी मेहनत पुढं असते. गेज लावून दोन रुळांमधलं अंतर बघायचं, १६७६ मिलिमीटर, मग खिळे मारायचे आणि बीटरनं, म्हणजे ठासायच्या लोखंडी अवजारानं, खडी ठासायची. ठासायची ती रुळाच्या खाली, दोन्ही अंगांनी. मधोमध खडी सैलच ठेवायची. नवीन पोरं जोशात मध्येही ठासायची. तसं झालं की स्लीपर पोटावर टेकतो आणि गाडीखाली डुलतो. अशी मधली खडी मी स्वतः कितीदा तरी पुन्हा उकरून काढली आहे.

आता मिरज–कोल्हापूर मार्गावर सिमेंटचे स्लीपर आहेत. एकेक पाव टनाहून जड.

एक कळकळीची विनंती. बऱ्याच लाकडी स्लीपरना कुजू नये म्हणून क्रिओसोट तेल पाजलेलं असायचं. त्याचा धूर विषारी असतो. बाक मोडलाच, तर त्याची ढलपीसुद्धा चुलीत किंवा बंबात घालू नका. आणि उन्हात तापल्यावर त्याला डांबरासारखा वास येत असेल, तर लहान मुलांना त्यावर उघड्या अंगानं बसवू नका, जाड सतरंजी टाका.