गावाकडचे आईवडील, एकट्या आत्या आणि सरकारी योजना: सुरुवात कुठून करायची

नमस्कार. तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही नोकरीसाठी बंगळुरात, आईवडील सांगली जिल्ह्यात गावी. वडील ७६ वर्षांचे, साखर कारखान्यातून निवृत्त, पीएफची तुटपुंजी पेन्शन. आई ७१. शेजारीच ६८ वर्षांच्या विधवा आत्या राहतात, त्यांना मूलबाळ नाही. त्यांनी राहतं घर काही वर्षांपूर्वी दिराच्या मुलाच्या नावे केलं आणि आता त्याने त्यांना सोप्यात, म्हणजे बाहेरच्या पडवीत, चूल मांडायला लावली आहे. गावातला एक एजंट 'तिघांच्याही सगळ्या योजना बसवून देतो' म्हणून पैसे मागतोय. द्यावेत का, आणि नाहीतर कुठून सुरुवात करावी?

पैसे देऊ नका. मी तहसील कार्यालयात संजय गांधी योजना शाखेत, म्हणजे निराधार आणि वृद्धांच्या अनुदानाचे अर्ज बघणाऱ्या शाखेत, बरीच वर्षं होते आणि निवृत्तीनंतर आमच्या तालुक्याच्या ज्येष्ठ नागरिक संघात हीच कामं बघते. एजंट जे करतो ते तुम्ही एका सुट्टीत करू शकता. आणि जिथे खरं काम अडतं तिथे तो काहीच करू शकत नाही.

काम अडतं कागदांच्या विसंगतीत. अपात्र म्हणून परत जाणाऱ्या अर्जांपेक्षा नाव, जन्मतारीख आणि बँक खातं एकमेकांशी जुळत नाही म्हणून लटकलेले अर्ज मी कितीतरी जास्त पाहिलेत. म्हणून योजनांची यादी बाजूला ठेवा आणि तिघांचं आधार, रेशनकार्ड, पासबुक आणि मतदार ओळखपत्र टेबलावर शेजारी शेजारी मांडून अक्षर न् अक्षर ताडून बघा. आधार काढताना ज्यांच्याकडे जन्माचा पुरावा नव्हता त्यांची तारीख सरसकट १ जानेवारी पडली, आणि वर्ष अंदाजाने. त्यात तीन-चार वर्षं इकडेतिकडे झाली की माणूस ७५ चा असून ७१ चा ठरतो. बायकांचं तर नाव रेशनकार्डावर एक, पासबुकावर दुसरं, शाळेच्या दाखल्यावर माहेरचं. आधारवरची जन्मतारीख साधारणपणे एकदाच दुरुस्त करता येते, तेव्हा शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्मनोंदीचा उतारा हातात असल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका.

दुसरी गोष्ट बँकेची. अनुदान आता थेट खात्यात येतं, पण कुठल्या खात्यात? अर्जावर लिहिलेल्या नव्हे, तर आधार ज्या खात्याशी शेवटचं सीड झालंय, म्हणजे जोडलं गेलंय, त्या खात्यात. आमच्या संघात एक आजी आल्या होत्या. वर्षभर अनुदान बंद म्हणून तहसीलला खेटे घालत होत्या. जिल्हा बँकेचं पासबुक पिशवीत, प्लॅस्टिकच्या कागदात नीट गुंडाळलेलं, प्रत्येक पानावर शिल्लक तीच. आम्ही आधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' पाहिलं तर दुसऱ्याच बँकेचं नाव आलं. पूर्वी कधीतरी शिबिरात काढलेलं जनधन खातं, ज्याचं पासबुकही त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. सगळे पैसे तिथे साठलेले. हे तपासायला आधारला जोडलेला मोबाईल लागतो, म्हणून गावी गेलात की तिघांचे नंबर आधी अद्ययावत करा. तिथे तुमचा बंगळुरातला नंबर टाकून ठेवू नका. ओटीपी तुमच्याकडे आणि माणूस काउंटरवर, असा खोळंबा होतो.

बोटांचे ठसे हा तिसरा त्रास. आयुष्यभर शेतात राबलेल्या किंवा भांडी घासलेल्या हातांच्या रेषा झिजतात आणि यंत्र अंगठा घेत नाही. मग ऑपरेटर 'उद्या या' म्हणतो. तिथे डोळ्यांचं किंवा चेहऱ्याचं प्रमाणीकरण करा म्हणून सांगा, ती सोय आहे.

आता आईवडिलांचं. ते चटकन होईल.

वडील ७५ च्या पुढे, म्हणजे एसटीचा प्रवास राज्यभर मोफत. ऑगस्ट २०२२ पासून ही अमृत ज्येष्ठ नागरिक योजना चालू आहे. वाहकाकडून शून्य रकमेचं तिकीट मात्र घ्यावं लागतं, आणि वयाचा पुरावा खिशात हवा. आईंना अर्धं तिकीट, ६५ ते ७५ या वयोगटात म्हणूनही आणि महिला म्हणूनही. एसटीच्या शहर बससेवेला ही सवलत नाही.

दोघंही सत्तरी ओलांडलेले, म्हणून आयुष्मान वय वंदना कार्ड आधी काढा. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरच्या प्रत्येकाला हे मिळतं, उत्पन्नाची अट नाही, त्यामुळे पेन्शन आहे म्हणून कुणी नाकारू शकत नाही. वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार, पण ही रक्कम दोघांत मिळून. गावच्या आशाताई, प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा आपले सरकार सेवा केंद्र, कुठेही कार्ड निघतं आणि आयुष्मान ॲपवर घरबसल्याही निघतं. लोकांचा गैरसमज होतो तो असा की कार्ड दाखवलं की डॉक्टरची फी माफ. तसं नाही. दाखल होऊन घ्यायचे उपचार यात येतात, ओपीडी नाही. आणि रुग्णालय योजनेतलं असावं लागतं. ठरवून करायचं ऑपरेशन असेल तर दाखल होण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला (योजनेचं काम बघणाऱ्या मदतनिसाला) भेटा आणि मंजुरी आली का ते विचारा. आधी दाखल होऊन पैसे भरले आणि मग कार्ड पुढे केलं तर ते पैसे परत मिळवणं फार अवघड जातं. मोतीबिंदू, गुडघा, हृदय, जे काही पुढे दिसतंय त्यासाठी जवळची योजनेतली रुग्णालयं आत्ताच शोधून ठेवा. १४५५५ वर माहिती मिळते.

रोजच्या बीपी-शुगरच्या गोळ्यांसाठी खाजगी दुकानात हजार-हजार घालवणारी माणसं बघून मला वाईट वाटतं. प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि ग्रामीण रुग्णालयात या गोळ्या मोफत मिळतात. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपर आणि तपासण्याही मोफत आहेत. वडिलांना 'सरकारी दवाखाना नको' वाटत असेल तर एकदा तुम्ही स्वतः सोबत जा.

बँकेचं म्हणाल तर ७० वर्षांवरच्या ग्राहकांना घरपोच सेवा द्यावी असं रिझर्व्ह बँकेने २०१७ सालीच सांगून ठेवलंय. शाखेत लेखी मागा. तोंडी मागितलं की 'स्टाफ नाही' हे उत्तर ठरलेलं.

आता आत्या. तुमच्या प्रश्नातलं खरं काम इथे आहे.

आधी त्यांच्या हातात दरमहा काहीतरी यायला हवं. त्यासाठी श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजना. वय ६५ पूर्ण, महाराष्ट्रात किमान १५ वर्षं वास्तव्य, आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत. मिळतात महिन्याला १,५०० रुपये. उत्पन्नाची ही मर्यादा म्हणजे महिन्याला १,७५० रुपये. एवढ्यात आज कुणाचं घर चालतं? महिनाभर भांगलायला गेलेली बाईसुद्धा यात बसत नाही. ही मर्यादा वाढवायला हवी, हे मी नोकरीत असताना टिपणीत लिहीत होते आणि आताही प्रत्येक मेळाव्यात बोलते. पण तोवर आहे त्या नियमात आत्या बसतात, कारण त्यांना स्वतःचं उत्पन्न नाही.

मात्र इथे एक खोच आहे. रेशनकार्डावर त्यांचं नाव त्या पुतण्याच्या कुटुंबात असेल तर उत्पन्न त्याचं धरलं जाईल आणि अर्ज तिथेच संपेल. म्हणून आधी पुरवठा शाखेत जाऊन आत्यांचं नाव कमी करून विभक्त रेशनकार्ड काढा. त्यांची चूल वेगळी आहे, तलाठ्यांच्या चौकशीत शेजारीपाजारी ते सांगतील. मग उत्पन्नाचा दाखला, मग तहसीलला संजय गांधी शाखेत अर्ज. क्रम हाच ठेवा. अर्जाची पोच घ्या, तिच्यावर क्रमांक आणि तारीख आहे ना ते बघा. मंजूर झाल्यावर दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो चुकला की अनुदान थांबतं आणि पुन्हा चालू करायला पहिल्याइतकीच धावपळ होते.

याशिवाय मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरच्यांना, कुटुंबाचं उत्पन्न २ लाखांच्या आत असेल तर, एकरकमी ३,००० रुपये मिळतात. चष्मा, श्रवणयंत्र, काठी, वॉकर, कमोड खुर्ची, कंबरेचा पट्टा असल्या वस्तूंसाठी. अर्ज समाजकल्याणच्या सहायक आयुक्त कार्यालयात. खरेदीची पावती नंतर द्यावी लागते, जपून ठेवा.

आता घर. 'नावे करून दिलं' म्हणजे नेमकं काय केलं, हे आधी शोधा. गावाकडे पुष्कळदा स्टॅम्पपेपरवर लिहून, ग्रामपंचायतीत नमुना ८ ला नाव बदललेलं असतं आणि सगळे समजतात की घर गेलं. तसं असेल तर घर गेलेलं नाही. बक्षीसपत्र नोंदणीकृतच असावं लागतं आणि ग्रामपंचायतीची नोंद घरपट्टीपुरती असते, तिने मालकी ठरत नाही. दुय्यम निबंधक कार्यालयात शोध घ्या. दस्त नोंदलेला असेल तर त्याची नक्कल काढा आणि शांतपणे वाचा.

नोंदलेला असेल तर २००७ चा आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा आणि कल्याणाचा कायदा मदतीला येतो. हा फक्त आईवडील आणि मुलांपुरता आहे असं लोक धरून चालतात. पण निपुत्रिक ज्येष्ठांसाठी त्यात स्पष्ट तरतूद आहे: ज्या नातेवाइकाच्या ताब्यात त्यांची मालमत्ता आहे किंवा वारसाने ज्याला ती मिळणार आहे, त्याने त्यांचा सांभाळ करायचा. म्हणजे दिराचा मुलगा यातून सुटत नाही. अर्ज प्रांत (उपविभागीय अधिकारी) कार्यालयात, तिथे निर्वाह न्यायाधिकरण असतं. वकील लागत नाही. साध्या मराठीत लिहिलेला अर्ज चालतो आणि आत्यांना जमत नसेल तर त्यांनी अधिकार दिलेली व्यक्ती किंवा संस्था त्यांच्या वतीने अर्ज करू शकते, म्हणजे तुम्हीसुद्धा. ९० दिवसांत निकाल द्यावा आणि अपवाद म्हणून फार तर ३० दिवस वाढवावेत असं कायद्यात आहे. प्रत्यक्षात वेळ लागतो, पण पहिली नोटीस घरी पोचली की बऱ्याच ठिकाणी वागणूक बदलते, हे मी अनेकदा पाहिलंय. निर्वाहाची रक्कम मूळ कायद्याप्रमाणे महिन्याला जास्तीत जास्त १० हजार. आदेश होऊनही पैसे दिले नाहीत तर महिन्यापर्यंत कैद होऊ शकते.

घर परत मिळण्यासाठी याच कायद्याचं कलम २३. सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने सांभाळ केला नाही, तर ते हस्तांतरण रद्द करून मागता येतं. भांडण होतं ते या अटीवरून. डिसेंबर २०२२ मध्ये सुदेश छिकारा विरुद्ध रामती देवी या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की अशी अट होती हे दाखवावं लागेल, नुसती माया म्हणून दिलेली मालमत्ता या कलमाने परत येत नाही. जानेवारी २०२५ मध्ये ऊर्मिला दीक्षित विरुद्ध सुनील दीक्षित या खटल्यात मात्र हा कायदा ज्येष्ठांच्या संरक्षणासाठी आहे, त्याचा अर्थ उदारपणे लावावा असं सांगून आईच्या बाजूने निकाल दिला. तिथे मुलाने 'मी सांभाळीन' असं वेगळ्या कागदावर लिहून दिलेलं होतं. म्हणून आत्यांच्या ट्रंकेत शोधा. दस्ताबरोबर करून घेतलेला साधा कागद, पंचांसमोर झालेलं लिखाण, काहीही असेल तर ते फार मोलाचं. दस्तातच 'वृद्धापकाळी सांभाळ करण्याच्या बोलीवर' असे शब्द असतील तर सगळंच सोपं. आणि तुमचे वडील पुढेमागे काही कुणाच्या नावे करणार असतील तर ही अट दस्तात स्पष्ट शब्दांत लिहून घ्या, मुलगा कितीही गुणी असला तरी.

अर्ज जाण्याआधी किंवा गेल्यावर दमदाटी होण्याची शक्यता असते. आत्यांची एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठ म्हणून पोलीस ठाण्यात नोंद करा. आपल्या राज्याच्या २०१० च्या नियमांप्रमाणे ठाण्याने अशी यादी ठेवायची असते आणि त्यांच्याकडे भेटी देत राहायचं असतं. पोलीस पाटलांच्याही कानावर घाला. तातडीला ११२, आणि सल्ल्यासाठी १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन, सकाळी ८ ते रात्री ८.

वडील म्हणतात 'आपल्याला सरकारी भीक नको', असंही तुम्ही लिहिलंय. त्यांना माझा नमस्कार सांगा आणि विचारा की कारखान्यात उभं आयुष्य काढलं, घरपट्टी-पाणीपट्टी भरली, प्रत्येक काडीपेटीवर कर दिला, त्यातला थोडासा परत येताना संकोच कसला? माझा अनुभव असा की स्वतःसाठी नको म्हणणारी माणसं दुसऱ्यासाठी लगेच उठतात. आत्यांच्या रेशनकार्डाचं काम त्यांच्यावरच सोपवा. तहसीलला जाताना एसटीचं शून्याचं तिकीट ते आपोआप घेतील.

तालुक्याला ज्येष्ठ नागरिक संघ आहे का ते बघा, बहुतेक ठिकाणी असतो. तुम्ही बंगळुराला परतल्यावर प्रांतांच्या तारखेला आत्यांच्या शेजारी बसायला त्यांच्यातलं कुणीतरी येईल. दस्ताची नक्कल मिळाली की त्यात अट कुठल्या शब्दांत आहे ते इथे लिहा, नावं आणि गट क्रमांक झाकून. त्यावरून अर्ज कसा मांडायचा ते सांगते.